तीन पायऱ्या, दहा महिने: न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली त्याचा अनुभव

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि क्वीन्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या दारापुढच्या पायऱ्या मी पहिल्यांदा मोजल्या. तीन. ऑपरेशन नीट झालं, घरात वॉकरवर त्या फिरायला लागल्या, पण त्या तीन पायऱ्या काही उतरता येईनात. बाहेर न्यायचं तर व्हीलचेअर, आणि ती दोघांनी उचलायची. त्या वर्षी फ्लशिंगच्या बाऊन स्ट्रीटवरच्या गणपतीला आई गेल्या नाहीत. खिडकीशी बसून राहायच्या.

मॅनेजमेंट कंपनीकडे रॅम्प मागितला. आधी फोनवर, मग सुपरला, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या माणसाला, गाठून, मग पुन्हा फोनवर. उत्तर आलं, "लावा की, पण खर्च तुमचा." नंतर तेही बंद झालं. आमच्याकडून चूक झाली ती इथेच. तीन महिन्यांत एक ओळसुद्धा लेखी नव्हती. शेवटी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ईमेल पाठवला. पुढे जे काही झालं ते त्या ईमेलच्या जोरावर झालं, म्हणून अशा वेळी पहिल्या दिवसापासून लिहून मागा.

खर्चाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण आमच्या ओळखीतल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही तो माहीत नव्हता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार घरातले असे बदल साधारणपणे भाडेकरूने स्वतःच्या पैशाने करायचे असतात. न्यूयॉर्क शहराचा कायदा त्यापुढे जातो. अपंग व्यक्तीला घरात ये-जा करण्यासाठी लागणारी वाजवी सोय घरमालकाने स्वतःच्या खर्चाने करायची, आणि नाही म्हणायचं तर ती त्याला न पेलणारी कशी आहे हे त्यानेच दाखवायचं. शिवाय 2018 पासून भाडेकरूशी बसून बोलणं आणि शेवटी काय ठरलं ते लेखी कळवणं त्याला बंधनकारक आहे. आमच्याशी कोणी बोलायलाच तयार नव्हतं, म्हणजे ती स्वतंत्र तक्रारच झाली.

आयोगाकडे तक्रार करायची मुदत साधारणपणे घटनेपासून एक वर्ष. फी नाही, वकील लागत नाही. 311 या शहराच्या मदत क्रमांकाला फोन केला तरी सुरुवात होते. घरात मात्र वेगळाच प्रश्न होता. नवरा म्हणत होता, आपण भाडेकरू, उद्या लीज वाढवून दिली नाही तर कुठे जायचं? आईंना भीती ग्रीन कार्डची. ती भीती मी हसण्यावारी नेली नाही, आधी माहिती काढली. इमिग्रेशनचा दर्जा कोणताही असला तरी हा कायदा लागू होतो. किंबहुना त्या दर्जावरून भेदभाव करणं हेच या कायद्याखाली बेकायदेशीर आहे. तक्रार केली म्हणून सूड उगवायलाही बंदी आहे. पुढे कंपनीच्या माणसाने लीजवरून सूचक बोलणं सुरू केलं, तेव्हा मी तारीख-वेळेसकट ते टिपलं आणि तपास करणाऱ्या बाईंना कळवलं. पुन्हा तसा फोन आला नाही.

पहिली सविस्तर मुलाखत फोनवर झाली. दुभाषी फुकट मिळतो. आम्ही मराठी मागितली आणि ती मिळाली. मी आईंच्या वतीने बोलायला बसले होते, पण पलीकडून मराठी ऐकू आल्यावर त्यांनी फोन स्वतःकडे घेतला. "मला कोणाशी भांडायचं नाही हो," त्या म्हणाल्या. "मला देवळात जायचंय आणि आपल्या पायांनी परत यायचंय." ऑपरेशननंतर घराबाहेरच्या माणसाशी त्या इतकं सलग बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

नंतर तक्रारीचा मसुदा आला. दोन तारखा चुकल्या होत्या, त्या दुरुस्त करून मगच सही केली. समोरच्याला नोटीस गेली की उत्तराला तीस दिवस. त्यांच्या उत्तरावर आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते. ती सोडू नका. ईमेल, फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी असं सगळं तारखेनुसार लावून द्या. दोन्ही बाजू ऐकून तपास होतो, त्यामुळे महिने जातात, ही तयारी ठेवूनच उतरा. एक गोष्ट आधीच ठरवा: आयोगाकडे गेलात की त्याच बाबीसाठी कोर्टात जायची वाट सहसा बंद होते. कोर्टात जायला तीन वर्षांची मुदत असते. मोठं नुकसान झालं असेल तर सही करण्यापूर्वी एकदा वकिलाला विचारा. आम्हाला रॅम्प हवा होता, म्हणून आयोग.

तपास पुरा होण्याआधी मध्यस्थीचा पर्याय आला. दोघांची तयारी असली तरच होते, तीही फुकट. इच्छा नसताना मी हो म्हटलं, आणि बरं झालं. टेबलाशी बसल्यावर कंपनीच्या वकिलाला आकडे माहीत होते: या कायद्याखाली दंड सव्वा लाख डॉलरपर्यंत, जाणूनबुजून केलं असेल तर अडीच लाखांपर्यंत. हा दंड शहराकडे जातो, तक्रारदाराची भरपाई निराळी.

करारात नुसतं "रॅम्प" लिहू देऊ नका. आधी त्यांनी चार-पाच फुटांची लोखंडी फळी आणून टाकायचं सुचवलं होतं. उताराचं माप असतं: एक इंच उंचीला एक फूट लांबी. आमच्या पायऱ्या मिळून एकवीस इंच, म्हणजे रॅम्प एकवीस फुटांचा. मी टेप घेऊन मोजून गेले होते. उतार, दोन्ही बाजूंचे कठडे आणि कामाची शेवटची तारीख या तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

ईमेलपासून मोजलं तर दहावा महिना संपता संपता रॅम्प उभा राहिला. गेल्या मंगळवारी आई देवळात जाऊन आल्या. परत आल्यावर दारापाशी मी खुर्ची ढकलायला वाकले तर म्हणाल्या, "थांब गं, तो वॉकर दे इकडे. इथून मी चढते."