निकॉनची १८०-६०० मिमी लेन्स: हलत्या नावेतून शिकारी पक्षी टिपताना

निकॉनने जून २०२३ मध्ये जाहीर केलेल्या निक्कॉर झेड १८०-६०० मिमी एफ/५.६-६.३ व्हीआर या लेन्सविषयी बोलताना चर्चा सहसा कोपऱ्यांतील स्पष्टतेवर आणि अ‍ॅपर्चरच्या (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या) मर्यादेवर येऊन थांबते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच; परंतु नावेत बसून पाण्यावर झेपावणाऱ्या ऑस्प्रेची (मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याची) किंवा समुद्री गरुडाची छायाचित्रे घेणाऱ्यासाठी या लेन्सचा सर्वांत मोलाचा गुण वेगळाच आहे. झूम करताना तिची लांबी बदलत नाही, आणि १८० पासून ६०० मिमीपर्यंत जाण्यासाठी झूमचे कडे अवघे ७० अंश फिरवावे लागते. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. नावेत मात्र चित्र मिळणे आणि हुकणे यांतील अंतर बहुतेक वेळा तेवढेच असते.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमीला ३० मीटर अंतरावर चौकटीची रुंदी जेमतेम १.८ मीटर भरते. ऑस्प्रेच्या पंखांचा विस्तार साधारण दीड मीटर किंवा त्याहून थोडा अधिक असतो, म्हणजे पंख पसरलेला पक्षी त्या अंतरावरच चौकटीच्या कडांना भिडतो. पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाचा विस्तार दोन मीटरच्या वर जात असल्यामुळे त्याच्या बाबतीत ही वेळ चाळीस मीटरच्या आसपासच येते. त्याच ३० मीटरवर १८० मिमीला मात्र सहा मीटर रुंदीची चौकट मिळते, ज्यात पक्षी, उसळलेले पाणी आणि मागचा काठ हे सर्व सामावते. काठावर उभे राहून अंतराचा अंदाज घेता येतो. नाव मात्र प्रवाहाबरोबर सरकत असते आणि पक्षीही स्वतःच्या मर्जीने येतो. त्यामुळे दोघांतील अंतर काही सेकंदांत निम्मे होऊ शकते. अशा वेळी एकाच फोकल लेंग्थची, म्हणजे झूम नसलेली लेन्स हाती असेल, तर पंख कापलेल्या छायाचित्रांची रांग लागते.

निकॉनच्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या एफ-माउंटची (माउंट म्हणजे कॅमेरा व लेन्स यांची जोडणी) २०० ते ५०० मिमी लेन्स वापरलेल्यांना दुसरा मुद्दा लगेच पटेल. त्या लेन्समध्ये झूम करताना नळी पुढे सरकते, कडे बरेच फिरवावे लागते आणि समोरचे वजन बाहेर गेल्यामुळे तोल बदलतो. जमिनीवर हे चालून जाते; नावेत शरीर आधीच लाटेशी जुळवून घेत असते आणि त्यात हातातला भार पुढे ढळला की पक्षी चौकटीतून निसटतो. १८०-६०० मध्ये भिंगे आतल्या आत सरकतात आणि गुरुत्वमध्य जवळपास जागचा हलत नाही. सोनीची २०१९ ची २००-६०० मिमी लेन्सही याच तत्त्वावर बांधलेली आहे, त्यामुळे हे श्रेय एकट्या निकॉनचे नाही. मात्र झेड कॅमेरा असलेल्यांना ही सोय आता घरच्या माउंटवर मिळते, एवढे नक्की.

वजनाबाबत भ्रम बाळगू नये. ट्रायपॉडच्या कड्यासह ही लेन्स २१४० ग्रॅम आहे, झेड ८ सारखा कॅमेरा जोडला की एकूण भार तीन किलोच्या पुढे जातो, आणि नावेत तो हातांनीच पेलावा लागतो. ट्रायपॉड नावेत नेण्याचा मोह टाळावा, कारण इंजिनाची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात शिरते आणि नाव कलली की ट्रायपॉडही तिच्याबरोबर कलतो. कठड्यावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवणेही इंजिन बंद असतानाच उपयोगाचे ठरते. त्यापेक्षा फळीवर बसून, कोपरे बरगड्यांशी घेऊन आणि कमरेपासून वळत छायाचित्रण करावे. माणसाचे धड लाटेचा हेलकावा कोणत्याही यंत्रापेक्षा चांगला जिरवते, आणि खाली बसल्याने कॅमेरा पाण्याच्या जवळ येतो, त्यामुळे पाण्यालगत उडणारा पक्षी नजरेच्या पातळीवर दिसून मागची पार्श्वभूमी दूर आणि मऊ होते. काठावरून सहसा न मिळणारा हा कोन मिळावा म्हणूनच तर नावेचा खटाटोप करायचा. पक्षी येईपर्यंत लेन्स मांडीवर विसावू द्यावी. सतत डोळ्याला लावून बसणाऱ्याचे हात नेमक्या क्षणी थकलेले असतात.

कंपनीच्या म्हणण्यानुसार लेन्सची व्हीआर म्हणजे कंपरोधक यंत्रणा ५.५ स्टॉपपर्यंत कंप रोखते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवण्याची मुभा). या आकड्याचा नावेतील अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ही यंत्रणा हातांची बारीक, जलद थरथर चांगली शोषते. लाटेमुळे येणारा संथ आणि मोठा हेलकावा मात्र तिच्या आवाक्याबाहेर असतो. शिवाय उडत्या गरुडासाठी शटर स्पीड १/२५०० सेकंदाच्या आसपास ठेवावा लागतो, आणि त्या वेगाला छायाचित्रातील कंपाचा प्रश्न बराचसा सुटलेलाच असतो. तरीही मी व्हीआर बंद करत नाही, कारण तिचा खरा फायदा व्ह्यूफाइंडरमध्ये आहे: ६०० मिमीला दृश्य स्थिर दिसले, तरच पक्ष्याच्या डोक्यावर फोकसचा चौकोन टिकवता येतो. यासाठी ‘स्पोर्ट’ ही पद्धत निवडावी. ‘नॉर्मल’मध्ये दृश्य अधिक शांत दिसते खरे, परंतु पक्ष्यामागे कॅमेरा झटकन वळवताना ते मागे खेचल्यासारखे अडखळते. कललेल्या क्षितिजावर मात्र लेन्सकडे कोणताच उपाय नाही. त्यासाठी व्ह्यूफाइंडरमधील आभासी क्षितिजरेषा चालू ठेवावी आणि चौकटीत थोडी मोकळी जागा राखावी, म्हणजे नंतर चित्र सरळ करताना पंखांची टोके जात नाहीत.

ऑटोफोकसविषयी माझे मत काहीसे संमिश्र आहे. यात स्टेपिंग मोटर आहे. निकॉनच्या सर्वांत महागड्या टेलिफोटो लेन्सची चपळाई तिच्यात नाही. एकदा पक्षी पकडला की पाठलाग उत्तम होतो, पण फोकस पार जवळ किंवा पार दूर गेला असेल तर परत येण्यास जो वेळ लागतो, तो झेपेच्या मानाने जास्त आहे. फोकस-मर्यादेचा स्विच म्हणूनच कायम मर्यादित बाजूला ठेवावा, म्हणजे कठडा किंवा पुढच्या प्रवाशाची टोपी यांवर फोकस धावत नाही. पाण्याची अडचण आणखी वेगळी आहे. पक्षी आकाशात असेपर्यंत कॅमेऱ्याची पक्षी ओळखण्याची सोय सहज काम करते. तो खाली उतरून चकाकत्या लाटांसमोर आला की त्या लाटांतील उजेड-सावलीचा तीव्र फरक फोकसला भुलवतो. संपूर्ण चौकटीऐवजी मध्यम आकाराचे क्षेत्र निवडल्यास हे बरेच आटोक्यात येते.

या लेन्सचा पल्ला खऱ्या अर्थाने कसास लागतो तो ऑस्प्रेच्या शिकारीत. तो उंचावर पंख फडफडवत एका जागी थांबतो तेव्हा ६०० मिमीही अपुरे वाटते. मग पंख आवळून तो खाली सुटतो आणि पाण्याला भिडण्याच्या क्षणी पाय चेहऱ्यापुढे ताणून आत शिरतो. हा प्रवेश मोठ्या चौकटीतच शोभतो, म्हणून तो सुटताच मी कडे ३०० च्या आसपास आणतो. त्यानंतरचा भाग छायाचित्रकाराला अधिक उदार आहे. पक्षी क्षणभर पंख पसरून पाण्यावर विसावतो, जड पंखांनी वर उठतो, हवेतच अंग झटकून पाणी उडवतो आणि माशाचे तोंड पुढे करून निघून जातो. समुद्री गरुड बहुधा बुडी मारत नाहीत. ते उतरत्या रेषेत येऊन पृष्ठभागावरचा मासा उचलतात, त्यामुळे त्यांची वाट आधी ओळखता येते. दोघेही वर उठताना शक्यतो वाऱ्याला तोंड देतात. म्हणून नाव वारा येतो त्या बाजूला आणि सूर्य पाठीशी राहील अशी उभी करण्यास नावाड्याला सांगावे. हे जमले तर पक्षी आपल्याकडे तोंड करून उठतो. तसे जमले नाही, तर कितीही उत्तम लेन्स असली तरी फक्त शेपट्याच हाती लागतात.

एफ/६.३ ची मर्यादा पहाटे आणि संध्याकाळी जाणवते, कारण तेव्हा १/२५०० सेकंदासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) बराच वर न्यावा लागतो. उघड्या पाण्यावर प्रकाश भरपूर असतो आणि पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड पंखांची खालची बाजूही उजळतो, त्यामुळे दाट झाडीत वाटते तितकी ही उणीव येथे बोचत नाही. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (पल्ला वाढवणारे जोडभिंग) जोडून ८४० मिमी एफ/९ मिळते खरे, परंतु नावेत त्याचा उपयोग मला दिसत नाही. दुपारी पाण्यावर तापलेल्या हवेचे थर हलू लागले की लांबवरच्या पक्ष्याचे पीस न् पीस विरघळते, आणि तेथे पल्ला वाढवून काहीच साधत नाही.

बांधणीत धूळ आणि तुषार यांपासून बचावाची तजवीज आहे आणि समोरच्या भिंगावर फ्लोरिन लेप आहे, त्यामुळे उडालेले थेंब सहज पुसले जातात. खाऱ्या पाण्याचे थेंब मात्र तसेच वाळू देऊ नयेत. गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने नळी आणि कडी आधी पुसावीत, मग कोरडी करावीत. ट्रायपॉडच्या पायाला आर्का पद्धतीची (ट्रायपॉडच्या डोक्यात थेट बसणारी) खाच दिलेली नाही, ही काटकसर या वर्गाच्या लेन्सला शोभत नाही. नावेत हा पाय केवळ मूठ म्हणून वापरला जातो, म्हणून तो वरच्या बाजूला फिरवून ठेवला की लेन्स उचलायला सोपे जाते.

निकॉनचीच ६०० मिमी एफ/६.३ पीएफ (वजन घटवणाऱ्या खास भिंगाची, झूम नसलेली) लेन्स कड्यासह १४७० ग्रॅमची आहे आणि हातात कितीतरी हलकी वाटते. ज्यांचे पक्षी कायम दूर राहतात किंवा ज्यांचे खांदे कुरकुरतात, त्यांनी ती जरूर पाहावी. मात्र तिची किंमत बरीच अधिक आहे आणि गरुड जवळ आल्यावर ती हतबल होते. १००-४०० मिमी हाती असलेल्यांनी, नावाडी पक्ष्यांच्या पुरेसा जवळ नेतो म्हणून, नवी लेन्स टाळण्याचा विचार करू नये. घरट्याच्या किंवा बसलेल्या पक्ष्याच्या दिशेने नाव रेटल्यावर पक्षी उडतो, शिकार सोडतो आणि त्या जागी पुन्हा येईलच असे नाही. ६०० मिमीचा पल्ला इंजिन लांबच बंद करून वाट पाहण्याची मुभा देतो, आणि तेवढ्यासाठी हे जादा सातशे ग्रॅम मी आनंदाने वाहतो.