घरंदाज दिसणारी गाडी: तीन पर्याय, शेजारी शेजारी

गाडी घेताना ॲव्हरेज किती, सर्व्हिस कशी, पार्ट मिळतात का, हे लोक मोकळेपणाने विचारतात. "दिसते कशी?" हे मात्र जरा ओशाळून विचारतात. त्यातही मनातला प्रश्न वेगळाच असतो: गाडीतून उतरलो की माणूस नीटनेटका वाटावा, पैसा नाचवणारा वाटू नये. यात ओशाळण्यासारखं काय आहे? जिच्याकडे आठ-दहा वर्षं रोज सकाळी बघायचं, तिच्या रूपाचा विचार आधीच केलेला बरा.

तुलनेसाठी तीन गाड्या समोर उभ्या करू. पहिली नवी, उंच, रुंद एसयूव्ही: टॉप मॉडेल, अंगावर येणारी ग्रिल (म्हणजे समोरची जाळी), मोठी काळी चाकं. दुसरीही नवीच, पण शांत चेहऱ्याची सेडान किंवा इस्टेट (छत थेट मागपर्यंत नेलेली, लांब डिकीची गाडी), मधल्या मॉडेलमधली. तिसरी वीस-तीस वर्षांपूर्वीची मोठी सेडान, कुणीतरी निगुतीने सांभाळलेली. माझा कौल आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी दुसरी घ्यावी, पण ती निवडताना डोळ्यांसमोर तिसरी ठेवावी. का, ते पुढे.

तिसरीपासून सुरुवात करू

मर्सिडीजची डब्ल्यू१२४ ही सेडान १९८४ च्या अखेरीस आली. ब्रुनो साक्को तेव्हा कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. १९७५ ते १९९९ असा त्यांचा काळ. आज ही गाडी कुठे उभी दिसली की मान आपोआप वळते, आणि गंमत म्हणजे तिच्यावर नजर खेचणारं असं काहीच नाही. क्रोम बेताचं, रेघा मोजक्या.

तिचा वायपर बघा. एकच आहे. काचेवरून फिरताना तो सरळ अर्धवर्तुळ काढत नाही. कोपऱ्याकडे जाताना लांबतो, मध्यावर आखडतो, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्याकडे लांबतो. त्यामुळे एकाच दांड्याने काचेचा जवळपास ८६ टक्के भाग पुसला जातो. पावसात हा वायपर चाललेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दारात छत्री धरून दोन मिनिटं नुसता उभा होतो. त्याच काळातल्या मर्सिडीजच्या मागच्या दिव्यांवर आडव्या खोल खाचा असतात. त्या नक्षी म्हणून काढलेल्या नाहीत. चिखल उडाला तरी खाचेच्या आतला भाग स्वच्छ राहावा आणि दिवा मागच्याला दिसावा, एवढ्यासाठी त्या आहेत.

माझी कसोटी मला इथेच सापडली. गाडीच्या प्रत्येक भागाला विचारायचं: "बाबा, तू इथे कशाला?" उत्तर आलं तर तो भाग वीस वर्षांनीही शोभतो. उत्तर आलं नाही, तर तीन वर्षांत शिळा दिसतो.

आता हीच कसोटी आजच्या गाड्यांना लावा. बंपरच्या कोपऱ्यात हवा घेणारी जाळी दिसते. बोट घालून बघा, मागे बंद प्लॅस्टिक. मागे दोन रुंद चकचकीत सायलेन्सरची तोंडं दिसतात. वाकून बघा, खरी नळी आत कुठेतरी खाली तोंड करून लपलेली. खोटा दागिना घातलेल्या माणसाला निदान तो खोटा असल्याचं माहीत असतं. इथे घेणाऱ्याला ते सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी वर उचलल्यावर कळतं.

आधी बाजूने बघा, मग समोरून

शोरूममध्ये गाडी नेहमी समोरून तिरकी उभी केलेली असते, कारण तशी ती सर्वांत रुबाबदार दिसते. तुम्ही मात्र दहा पावलं मागे जा आणि बरोबर बाजूने बघा. पुढच्या चाकाचा मध्य आणि पुढच्या दाराची पुढची फट, यांच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजा. ते ऐसपैस असेल तर गाडी निवांत आणि तोलदार दिसते. दार चाकाला चिकटलं असेल आणि पुढचं नाक चाकाच्या पुढे लांब लोंबत असेल, तर कितीही क्रोम लावा, गाडी घाईत असल्यासारखीच दिसते.

याचं मूळ यंत्रात आहे. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असलं आणि ताकद मागच्या चाकांना जात असली, तर पुढची चाकं आणखी पुढे नेता येतात. डब्ल्यू१२४ तशी आहे, १९९५ ची बीएमडब्ल्यू ५ सिरीज तशी आहे, १९८९ ची लेक्सस एलएस ४०० तशीच. आडव्या इंजिनाच्या गाडीत जागा भरपूर मिळते, पण हा तोल हातचा जातो. तरी मनावर घेतलं तर जमतं: २०१६ मध्ये आलेल्या व्होल्वो एस९० मध्ये इंजिन आडवंच आहे, पण चाक आणि दार यांच्यातलं अंतर मुद्दाम वाढवलेलं आहे. ती गाडी इतरांपेक्षा शांत का दिसते, याचं निम्मं उत्तर त्या वीतभर जागेत आहे.

दुसऱ्या गटातला आणखी एक चांगला नमुना म्हणजे २०१९ ची माझदा ३. हल्ली गाडीच्या कुशीवर दोन-तीन धारदार रेघा ओढायची पद्धत आहे. माझदाने त्या गाळल्या आणि पत्र्यालाच असा बाक दिला की गाडी पुढे सरकते तसं त्यावर पडलेलं प्रतिबिंब वळतं. हे फोटोत समजत नाही, उन्हात प्रत्यक्ष बघावं लागतं. रेघांच्या गर्दीत डेंट झाकला जातो, मोकळ्या पत्र्यावर मात्र एवढासा डेंटही लपत नाही, हा त्याचा तोटा.

पहिलीच्या बाजूने आणि विरुद्ध

उंच गाडी म्हणजे ओबडधोबड असं काही नाही. १९७० ची पहिली रेंज रोव्हर दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मांडली गेली होती, आणि ती आतून धुता येईल अशी कामाची गाडी होती. आजची रेंज रोव्हरही आकाराने अवाढव्य, पण कुशी जवळजवळ कोरी. म्हणजे गोंधळ उंचीत नाही, चेहऱ्यात आहे.

ग्रिलचं काम रेडिएटरला हवा देण्याचं. बीएमडब्ल्यूची जोडजाळी १९३३ च्या ३०३ मॉडेलपासून आहे. २०२० च्या ४ सिरीजमध्ये ती पार बंपरच्या तळापर्यंत उतरली. त्यांच्याच विजेवरच्या आय४ मध्ये तेवढीच मोठी आकृती आहे, फक्त आतून बहुतांशी बंद. काहींना हे धाडस वाटतं. मला विचाराल तर दुकान बंद करून पाटी तेवढी दुप्पट मोठी केल्यासारखं वाटतं. आणि अशा चेहऱ्याची एक पंचाईत असते: तो एका विशिष्ट वर्षाचा असतो. पुढचं मॉडेल आलं की आपली गाडी लांबूनच जुनी ओळखू येते.

चाकांचंही तसंच. टॉप मॉडेलला हमखास मोठी अलॉय मिळतात. हिशेब करून बघा. २२५/५५ आर१७ म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, रबरी भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १७ इंची. म्हणजे भिंत सुमारे १२४ मिलिमीटर उंच. त्याच गाडीला २४५/४० आर१९ घातला तर बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, पण भिंत ९८ मिलिमीटर. म्हणजे खड्डा आणि तुमची कंबर यांच्यातलं अडीच सेंटीमीटर रबर गेलं, आणि रिम कडेला घासायची शक्यता वाढली. खरचटलेल्या काठाचं १९ इंची चाक हे स्वच्छ १७ इंची चाकापेक्षा कितीतरी गबाळं दिसतं. रिम संपूर्ण काळी असेल तर आणखी एक होतं: तिची घडण दिसतच नाही, लांबून नुसतं भोक दिसतं.

आत बसल्यावर

खरा फरक इथे पडतो, म्हणून इथे वेळ घालवा.

माझ्या आधीच्या गाडीत गिअरच्या भोवती काळं, आरशासारखं चकचकीत प्लॅस्टिक होतं. डिलिव्हरीच्या दिवशी त्यात स्वतःचा चेहरा दिसला. महिन्याभरात बोटांचे ठसे, मग किल्लीचा ओरखडा, मग पुसताना फडक्यानेच पडलेल्या बारीक गोल गोल रेघा. वर्षाअखेरीस तो भाग जुन्या मोबाइलच्या काचेसारखा झाला होता. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हे प्लॅस्टिक जवळजवळ सगळेच वापरतात. शोरूमच्या दिव्यात त्याच्याइतकं दिमाखदार काही दिसत नाही, एवढंच त्याचं काम. त्याऐवजी खडबडीत राखाडी प्लॅस्टिक मिळत असेल तर आनंदाने घ्या. लाकूड असेल तर वॉर्निशच्या जाड थराखाली गाडलेलं नको. बोट फिरवल्यावर रेषा लागतील असं हवं.

लेदर म्हणजे उंची, हा समज टोयोटा सेंच्युरीने केव्हाच मोडीत काढलाय. जपानमधली ही मोठ्या पदावरच्या लोकांची गाडी १९६७ पासून आहे आणि तिच्यात लोकरी कापडाच्या सीटना मान आहे. कारण साधं: लेदरवर माणूस सरकला की करकरतं, लोकर आवाज करत नाही. रेंज रोव्हर वेलारमध्येही लोकरमिश्रित कापडाचा पर्याय आला. मधल्या मॉडेलमध्ये चांगलं घट्ट विणीचं कापड मिळत असेल, तर नकली लेदरसाठी वरच्या मॉडेलचे पैसे टाकू नका. नकली लेदरला चारेक वर्षांत बसायच्या कडेवर चिरा पडतात, आणि मग वर सीट कव्हर चढतं.

आता पडदे, म्हणजे स्क्रीन. मर्सिडीजच्या ईक्यूएसमध्ये या दारापासून त्या दारापर्यंत १४१ सेंटीमीटर रुंदीची काच आहे. २०१६ च्या ई-क्लासमध्ये आतल्या दिव्यांना ६४ रंग होते. कला ६४ असतात हे ठाऊक होतं, पण डॅशबोर्डला त्या सगळ्या याव्यात अशी अपेक्षा नव्हती! एक मंद पिवळसर छटा ठेवा, बाकी ६३ विसरा. आणि एसीचं बटण खरंखुरं, दाबता येणारं आहे का बघा. यात रुचीचा प्रश्न आहेच, पण सुरक्षेचाही आहे: गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणारी युरोपातली एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या कामांना हाताला लागणारी बटणं नसतील तर गुण कापते. माझदाने २०१९ च्या त्याच ३ मधून टचस्क्रीन काढून गोल फिरवायची कळ ठेवली होती, तेव्हा लोक हसले होते.

दाराचा आवाज सगळेच ऐकतात. तुम्ही छोट्या गोष्टी ऐका: ग्लोव्ह बॉक्सचं झाकण धाडकन पडतं की सावकाश उतरतं, इंडिकेटरची दांडी कशी सुटते, सीट बेल्टची पट्टी मागे जाताना फटका मारते का.

माझ्या कसोटीत एक गोष्ट मात्र बसत नाही, तेही सांगतो. रोल्स रॉइसच्या चाकाच्या मधोमध असलेली दोन आर अक्षरं गाडी धावताना फिरत नाहीत, कायम सरळ उभी राहतात. उपयोग शून्य. तरी मला ती फार आवडतात.

बिल्ला

२००२ मध्ये फोक्सवॅगनने फेटन नावाची गाडी आणली. ड्रेस्डेन शहरात तिच्यासाठी काचेच्या भिंतींचा कारखाना बांधला. पाया बेंटली काँटिनेंटल जीटीशी सामाईक. डॅशबोर्डवर एसीच्या जाळ्या दिसत नाहीत, लाकडाची अखंड पट्टी दिसते. गरज पडली की त्या पट्टीतले भाग सरकून हवेला वाट देतात. डिकीच्या बिजागऱ्यासुद्धा पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या. एवढं सगळं, आणि समोर तोच साधा बिल्ला. लोकांनी पाठ फिरवली आणि २०१६ मध्ये ती बंद झाली. नवी विकत घेणाऱ्याला बिल्ला हवा असतो. सेकंडहँड बाजारात मात्र जाणकार तिच्यासाठी थांबतात. तुम्हाला कुणाची दाद हवी आहे, हे एकदा ठरवून टाका.

रंगाबद्दल थोडक्यात: गडद निळा, गडद हिरवा, गडद तांबडा. पांढरा-काळा चुकत नाही, पण लक्षातही राहत नाही. मॅट रंग नको. त्याला पॉलिश करता येत नाही.

मग घ्यायची कोणती?

घरात सहा-सात माणसं असतील, रस्ते खराब असतील, तर एसयूव्ही जरूर घ्या. फक्त खालचं किंवा मधलं मॉडेल, लहान चाकं आणि ग्रिल जिची सर्वांत लहान ती.

जुनी मोठी सेडान दुसरी गाडी म्हणूनच घ्या, आणि आधी मेकॅनिक शोधा, मग गाडी. डब्ल्यू१२४ च्या शेवटच्या काही वर्षांतल्या गाड्यांमध्ये इंजिनच्या वायरिंगवरचं आवरण ठिसूळ होऊन गळतं. त्या काळच्या ५ सिरीजमध्ये कूलिंगचे प्लॅस्टिकचे भाग तडकतात. दिवे पिवळट, दारांचं रबर वाळलेलं, अशा अवस्थेत घरंदाजपणा उरत नाही, नुसतं वय उरतं. शिवाय लहान मुलांना रोज शाळेत सोडायचं असेल, तर तीस वर्षांपूर्वीच्या सुरक्षिततेवर विसंबू नये.

बाकी सगळ्यांनी दुसरी. मधलं मॉडेल, गडद रंग, कापडी सीट, १७ इंची चाकं. टेस्ट ड्राइव्ह दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा घ्या, कारण पडद्यांचा उजेड डोळ्यांवर किती येतो ते रात्रीच कळतं.

गाडी घरी आली की मागे डीलरने चिकटवलेला त्याच्या नावाचा स्टिकर आणि जमल्यास मॉडेलचा आकडा काढून टाका. हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम हवा मारायची, मग अक्षरांच्या मागे जाड दोरा घालून आरीसारखा पुढे-मागे ओढायचा. डिंक पत्र्यावर राहिला तर नखाने खरवडू नका. पुन्हा गरम करा आणि अंगठ्याने चोळा, त्याच्या गोळ्या होऊन निघतात.