गोवा पोलीस, आयआरबी, होमगार्ड की सीएपीएफ? आधी पगार कोण देतं ते बघा

सत्तरी-डिचोलीकडे संध्याकाळी मैदानावर पळणाऱ्या पोराला विचारा कसली तयारी चाललीय, तो म्हणणार वर्दीची. पण वर्दी काय एक आहे? गोवा पोलीस कॉन्स्टेबल वेगळा, आयआरबीवाला वेगळा, होमगार्ड तर अगदीच वेगळा, आणि सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ म्हणजे सीएपीएफ, केंद्राची सशस्त्र पोलीस दलं, हे आणखी निराळं जग. सगळे उंची, छाती, रनिंग यावर तासभर बोलतात, पैसा कुठल्या तिजोरीतून येतो हे कोण विचारत नाही. माझ्या मते तुम्ही कुठे राहणार, चवथीला घरी असणार की नाही, आणि नोकरी किती पक्की, हे बरंचसं तिथेच ठरतं.

आधी गोवा पोलीस. पोलीस हा विषय राज्यसूचीत येतो, म्हणून कॉन्स्टेबलचा पगार राज्याच्या बजेटमधून. केंद्राचा पैसा येतो तो पोलीस आधुनिकीकरणासाठी, आपल्यासारख्या राज्याला 60:40 या हिशोबाने, म्हणजे 60 केंद्राचे आणि 40 आपले. 2021-22 ते 2025-26 साठी आधुनिकीकरण आणि त्याच्या जोडीच्या सुरक्षेच्या योजना सगळ्या मिळून 26,275 कोटींची मंजुरी होती, आकडा ऐकून डोळे मोठे होतात, पण त्यातला मोठा भाग काश्मीर, ईशान्य आणि नक्षलग्रस्त भागांचा, आणि आधुनिकीकरणाच्या नावाने राज्यांना मिळतो तो हत्यारं, वायरलेस, फॉरेन्सिक असल्या सामानाला, नवीन शिपाई भरून त्याचा महिन्याचा पगार भागवायला नाही. अमेरिकेत 1994 च्या कायद्यातून आलेली कॉप्स योजना नेमकी उलटी आहे, तिथे केंद्र सरकार गावच्या पोलीस खात्याला नवीन शिपायाच्या सुरुवातीच्या पगार-भत्त्यांचे 75 टक्क्यांपर्यंत पैसे तीन वर्षं देतं, एका जागेला जास्तीत जास्त सव्वा लाख डॉलर, आणि अट अशी की नंतर निदान 12 महिने ती जागा खात्याने स्वतःच्या पैशावर चालू ठेवायची. आपल्याकडे असलं काही नाही, म्हणून भरती कधी निघणार हे पणजीत ठरतं, आणि निवडणूक जवळ आली की जरा लवकर ठरतं असं निदान मला तरी दिसतं.

माणूस टिकवायला वेगळा बोनस वगैरे नाही. टिकवतं ते घर. गोव्यात सगळ्यात वाईट बदली म्हणजे पेडण्याचा माणूस काणकोणला, शिव्या घालत का होईना तो सुट्टीला घरी पोचतोच. ट्रेनिंग वाळपईला, तेही गोव्यातच. पण ड्युटीचं गुलाबी चित्र रंगवू नका, कार्निव्हल, शिगमो, जत्रा, ओल्ड गोव्याचं फेस्त, थर्टी फर्स्ट, वर व्हीआयपी बंदोबस्त, लोक मजा करतात तेव्हा तुम्ही रस्त्यावर उभे. आणि 15 वर्षांचा रहिवासी दाखला आधीच काढून ठेवा. कोकणी यायलाच हवी, मराठी आली तर चांगलं असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते वाचून आपल्याकडचे काही जण चिडतात, पण फॉर्म भरताना चिडून काय उपयोग.

आयआरबी म्हणजे इंडिया रिझर्व्ह बटालियन. या बटालियन उभ्या करायला केंद्र मदत करतं आणि नंतर चालवायचा खर्च राज्यावर, म्हणून हे थोडंसं दोन मालकांचं प्रकरण आहे. पगार गोव्याचा, पण दुसऱ्या राज्यात निवडणूक किंवा गडबड असली तर केंद्र तिकडे बोलावू शकतं. पोलीस स्टेशनात बसून तपास शिकायचा असेल तर साध्या पोलिसातच जा, बटालियनचं मूळ काम बंदोबस्त आणि गार्ड.

होमगार्डला मी नोकरी म्हणणारच नाही. कायद्याने ती स्वयंसेवा, मुदत साधारण तीन ते पाच वर्षांची, पैसे मिळतात ते ड्युटीच्या दिवसाचे. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की महिनाभर, म्हणजे 30 दिवस ड्युटी केली तर भत्ता पोलिसाच्या किमान पगाराइतका व्हायला हवा, हे बरं झालं, पण 30 दिवस ड्युटी मिळायला तर हवी ना. उभारणी, ट्रेनिंग आणि साहित्याच्या खर्चाचा 25 टक्के वाटा केंद्र मागाहून परत करतं, बाकी राज्य. परीक्षेची तयारी करता करता हातखर्च म्हणून ठीक, यावर संसार उभा करू नका.

सीएपीएफचा पैसा थेट दिल्लीचा. कॉन्स्टेबल जीडी, म्हणजे जनरल ड्युटीचा साधा शिपाई, लेव्हल 3, बेसिक 21,700 ते 69,100, आणि गोवासुद्धा केंद्राचंच पे मॅट्रिक्स, म्हणजे पगाराचा तक्ता, धरून चालतं, त्यामुळे नुसत्या बेसिकवरून भांडण्यात अर्थ नाही. फरक पोस्टिंगचा. काश्मीर, छत्तीसगड, मणिपूर, कुठेही, घरी वर्षातून मोजक्या वेळा. त्याचे भत्ते वेगळे मिळतात, रिटायरमेंट 60 ला. सीआयएसएफ त्यातल्या त्यात शहरी, विमानतळ, कारखाने, पण दाबोळीलाच मिळेल अशा भ्रमात राहू नका. आपल्याकडे फार जणांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे या जागा राज्यानुसार वाटलेल्या असतात, गोव्याचा डोमिसाइल असला की गोव्याच्या कोट्यात बसता, यूपी-बिहारच्या लाखो पोरांशी सरळ टक्कर नाही. जागा कमी असतात हेही खरं. आणि 2024 पासून पेपर कोकणी आणि मराठीतही देता येतो.

लग्न झालंय किंवा आई-बाबा एकटे आहेत तर गोवा पोलीस, वाट बघावी लागली तरी. फिरायची हौस आहे, घरची तेवढी जबाबदारी नाही, तर सीएपीएफ. अडकलात तर वय बघा, जीडीला 18 ते 23, ओबीसीला तीन आणि एससी-एसटीला पाच वर्षांची सूट. 22 चे झाला असाल तर तो फॉर्म आधी भरा आणि 24 मिनिटांत 5 किलोमीटर, मुलींना साडेआठ मिनिटांत 1.6 किलोमीटर, एवढं पळायला आतापासून लागा, गोवा पोलिसांची जाहिरात मधेच आली तर तोही फॉर्म टाकायला कोण अडवत नाही.