पॉज आणि सेव्हच्या चष्म्यातून: २०२५चे गाजलेले गेम, काही महिन्यांनंतर

२०२५मधले गाजलेले गेम एव्हाना सगळ्यांचे खेळून झाले असतील, निदान यूट्यूबवर बघून तरी झाले असतील. त्यामुळे कथा काय, ग्राफिक्स कसे, एफपीएस किती, यावर मी लिहीत बसत नाही. दहापैकी नऊ, साडेनऊ वाटणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या रिव्ह्यूत एक गोष्ट मात्र सहसा सापडत नाही, आणि काही महिने खेळल्यावर माझ्या लेखी तीच सगळ्यांत मोठी ठरली. मी थांबवला की गेम थांबतो का? आणि मधेच उठलो तर केलेलं सगळं जागेवर राहतं का?

खेळणं हेच ज्यांचं काम, ते सलग बसतात. त्यांना हे टोचणार कसं? आमच्याकडे टीव्ही एकच आणि कन्सोल त्यालाच. बातम्यांची वेळ झाली की बाबा रिमोट घेऊन टीव्हीशेजारी येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत, नुसते उभे राहतात. त्या उभं राहण्यापासून चॅनल बदलेपर्यंत जेवढी फुरसत मिळते, तेवढ्यात गेम गुंडाळता आला पाहिजे. माझी कसोटी ही एवढीच.

या कसोटीवर सगळ्यांत वाईट आपटला तो ब्लू प्रिन्स, आणि दुःख याचंच की त्याच्याइतका हुशार गेम मी कित्येक वर्षांत खेळलेला नाही. पाच बाय नऊ चौकटींचा वाडा, हातात ५० पावलं, दार उघडताना समोर येणाऱ्या तीन खोल्यांतून एक निवडायची आणि ४५ खोल्यांच्या घरात ४६वी शोधायची. हा गेम बनवणाऱ्या टोंडा रॉसने यावर आठ वर्षं घालवली आणि ती दिसतात. भिंतीवरचं चित्रसुद्धा उगाच टांगलेलं नाही. वही-पेन घेऊन बसावं लागतं, आणि माझी वही बघून घरच्यांना मी एखाद्या परीक्षेला बसतोय असं वाटत होतं.

पण दिवसाच्या मधे सेव्ह नाही! गेममधला एक दिवस नशीब चांगलं असेल तर तासभर सहज चालतो. बॉयलर रूमची वाफ नेऊन लॅबोरेटरी सुरू केली आहे, ग्रेट हॉलमधला खटका ओढलाय, ४६व्या खोलीआधीच्या अँटेचेंबरचं दार उघडं आहे, पावलं पुरतील असा हिशेब जुळलाय, आणि बाबा येऊन उभे. गेम बंद केला की तो दिवस बुडाला. खोल्या कुठे लागल्या, किल्ल्या किती मिळाल्या, सगळं गेलं. उद्या उठून वाडा पुन्हा कोरा. वहीत लिहिलेलं तेवढं आपलं.

याचं समर्थन करणारे म्हणतात, मधे सेव्ह दिला तर लोक मागे जाऊन हवी ती खोली येईपर्यंत दार उघडत बसतील. हे कारण मला पटत नाही, कारण यावरचा उपाय जुना आहे. बाहेर पडताना सेव्ह करायचं आणि परत आल्यावर ते सेव्ह पुसून टाकायचं. जुन्यापान्या रोगलाइक गेमांत (मेलात की पहिल्यापासून, असे गेम) हे चालत आलंय. २०२४चा बालाट्रो पाहा. पत्त्यांचा डाव कुठेही सोडा, फोन खिशात टाका, परत उघडला की तुम्ही तिथेच, आणि सीड (पुढे काय येणार हे ठरवणारा आकडा) तोच असल्यामुळे पुढचे पत्तेही तेच. फसवायला जागाच नाही. हेडीस २ हा गेम मधेच सोडला तर त्या खोलीच्या सुरुवातीला जाता. दोनचार मिनिटांचं नुकसान, त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे जमतं. करायचं असलं तर जमतं.

शेवटी मला ब्लू प्रिन्समध्ये तारलं ते कन्सोलने, गेमने नाही. बंद न करता रेस्ट मोडमध्ये टाकायचा, मग दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू. एक्सबॉक्सचं क्विक रिझ्युम, स्टीम डेकचं पॉवर बटण, स्विचची झोप, सगळ्यांचा धंदा तोच: गेम बनवणाऱ्यांनी जे केलं नाही ते यंत्राने झाकून न्यायचं. फक्त हे सेव्ह नव्हे. माझ्या रेस्ट मोडमध्ये तर कुणी प्लग काढला, की संपलं. आणि मधल्या वेळात दुसऱ्या कुणाला दुसरा गेम लावायचा असेल तर पुन्हा पंचाईत. आमच्याकडे ती झाली, तपशिलात जात नाही.

किंगडम कम: डिलिव्हरन्स २ बद्दल मी तलवार परजूनच बसलो होतो, कारण सेव्ह करायला दारू प्यायला लावणारा गेम ही त्याची ख्याती. सेव्हिअर श्नॅप्स नावाची बाटली. ती विकत घ्या, नाहीतर स्वतः गाळा: वाइनवर नेटलची पानं टाकायची, भाता मारून उकळायचं, वाळूचं घड्याळ उलटं करून वाट बघायची, बेलाडोना कुटून घालायचा, ओतायचं. पहिल्यांदा मी पानं जास्त वेळ उकळली आणि निघालेली बाटली हलक्या प्रतीची. सेव्हसाठी एवढा खटाटोप! पण मेनूत ‘सेव्ह करून बाहेर पडा’ मुकाट्याने दिलेलं आहे. २०१८च्या पहिल्या भागात ते सुरुवातीला नव्हतं, लोकांनी ओरड केल्यावर पॅचने (नंतरच्या दुरुस्तीने) आलं. दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून आहे. म्हणजे खेळातली जोखीम कायम आणि बाहेरच्या आयुष्याचाही मान राखलेला. चोरी करायला गेलो, पकडलो गेलो, बाटली नाही, तर भोगा. बाबा येऊन उभे राहिले, तर खुशाल जा. हा फरक कळणारा माणूस त्या टीममध्ये आहे, त्याला माझा नमस्कार.

त्यातही काही महिन्यांनी मत थोडं हललं. बाटली फुकटात असती तर मी दर दोन मिनिटांनी सेव्ह केलं असतं आणि प्रत्येक भांडण मनासारखं होईपर्यंत खेळलो असतो. बाटली जपून वापरायची म्हटल्यावर मी खऱ्या माणसासारखा वागायला लागलो: कुलूप फोडण्याआधी आजूबाजूला बघ, रात्री चिलखताचा खणखणाट नको, उगाच कुणाच्या वाटेला जाऊ नकोस. स्वभावाने चिक्कू असलेल्या माणसाला हा गेम फार मानवतो. मार्चच्या अपडेटमध्ये न्हावी आले, नायक हेन्रीचे केस कापता यायला लागले, याचा मला नको इतका आनंद झाला.

आता सिल्कसाँग. २०१९ पासून वाट बघितली, ४ सप्टेंबरला आला तेव्हा दुकानांचे सर्व्हर कोसळले, किंमत मोठ्या गेमांच्या निम्म्याहूनही कमी. हे सगळं माहीत आहे. माझं डोकं फिरलं ते बाकांवर. सेव्हची जागा म्हणजे बाक, मेलात की शेवटच्या बाकावरून पुन्हा. आणि या लोकांनी काही बाकांना पैसे लावलेत! शत्रू मारून जमवलेले रोझरी मणी मोजायचे, मग बाक जमिनीतून वर येणार. मरण आलं तर ते मणी कोशात अडकून पडतात, तिथवर पोचायच्या आधी पुन्हा मेलात तर तेही गेले. हंटर्स मार्च नावाच्या भागात तर एक बाक सापळाच आहे. दमून, एक ठिपका जीव उरलेला असताना टेकलो, आणि वरून काटेरी गोळा. बनवणाऱ्यांचं हसू मला ऐकू आलं. जवळच तो सापळा बंद करायची छुपी कळ आहे म्हणे, पण ती शोधेपर्यंत मला तिथे थांबायचंच नव्हतं.

लास्ट जज या बॉसपर्यंतची (बॉस म्हणजे मोठा शत्रू) वाट आठवा. उडणारे, भाले फेकणारे, वाळूचा वारा, चुकीची एक उडी आणि पुन्हा बाक. बॉसशी लढाई दोन मिनिटांची, पोचायला त्याहून जास्त कटकट. आणि एकदाचा तो मेला की फुटतो, त्या स्फोटात आपणही मरू शकतो. बाइलवॉटर या भागाबद्दल मी लिहीत नाही, रक्तदाब चढतो.

एवढं असून सिल्कसाँग माझ्या कसोटीत पास झाला, तो एका गोष्टीमुळे. मरण्याची शिक्षा आणि सोडण्याची शिक्षा यांची त्याने गल्लत केलेली नाही. पॉज दाबला की बॉसच्या उडीच्या मधेसुद्धा सगळं गोठतं. मेनूतून बाहेर पडलात तर परत शेवटच्या बाकावर येता खरे, पण मणी खिशातच, उचललेली वस्तू उचललेलीच, मारलेला बॉस मेलेलाच. हे कळल्यावर मी बाहेर पडण्याचा उपयोग घरी परतायच्या गाडीसारखा करायला लागलो. दूर कुठेतरी अडकलो, जीव कमी आहे, मणी भरपूर आहेत: सरळ बाहेर पडायचं, परत यायचं, बाकावर सुखरूप. कुणी याला चिटिंग म्हणेल. म्हणू दे. शिवाय पहिल्याच पॅचमध्ये सुरुवातीचे बॉस मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर थोडे नरम केले, त्याची चर्चा भरपूर झाली. मधल्या टप्प्यातले बाकांचे दरही त्याच पॅचमध्ये उतरवले, त्याची चर्चा मला कुठे दिसली नाही. माझ्यासाठी बातमी तीच होती.

एल्डन रिंग नाइटरेन मी काढून टाकला. गेम वाईट नाही. तिघांनी मिळून खेळायची मोहीम, पाऊण तासाच्या आसपास, आणि त्यात पॉज शक्यच नाही. तीन माणसांचा वेळ एकाच्या बाबांसाठी कसा थांबणार? ते मान्य. पण मे २०२५मध्ये आला तेव्हा एकटे नाहीतर तिघे एवढंच होतं, दोघांची सोय जुलैच्या अखेरीस आली. माझ्या ओळखीत माझ्या खेळायच्या वेळेला मोकळा असणारा एकच माणूस, तोवर त्याचा उत्साह मावळला. २०२२च्या मूळ एल्डन रिंगमध्येही पॉज नव्हता, पण वस्तूंच्या यादीतून मदतीत जाऊन ‘मेनूचं स्पष्टीकरण’ उघडलं की गेम गोठतो, हे लोकांनी शोधून काढलं होतं. म्हणजे थांबायची सोय आतमध्ये होती, फक्त बटण द्यायचं नव्हतं. याला काय म्हणायचं?

एक्स्पिडिशन ३३ ला गेम ऑफ द इयर मिळालं, त्यावर माझं भांडण नाही. टर्न-बेस्ड असल्यामुळे आपली पाळी आली की तो अनंतकाळ वाट बघतो, कंट्रोलर ठेवा आणि जा, यासारखं सुख नाही. शत्रूच्या पाळीत मात्र पॅरीसाठी (वार नेमक्या क्षणी अडवायला) डोळ्यात तेल घालून बसावं लागतं; त्या क्षणी कुणी हाक मारली की गेलात. हरलेली लढाई तिथल्या तिथे पुन्हा सुरू करायचा पर्याय नंतरच्या अपडेटमध्ये आला, तो आधीच हवा होता. आतल्या भागांना नकाशा नाही, यावर चिडणारे खूप भेटले. मला त्याचं एवढं काही वाटलं नाही. दोन दिवसांनी परत आलं की आपण कुठून आलो हे विसरायला होतं, एवढंच.

स्प्लिट फिक्शनने अनपेक्षित आनंद दिला. मी एक प्रत घेतली आणि दुसऱ्या गावी असलेला भाचा फ्रेंड्स पासवर फुकट खेळला, तोही वेगळ्या कन्सोलवरून. चेकपॉइंट (आपोआप सेव्ह होण्याच्या जागा) इतके जवळजवळ की कधीही उठा. पडद्याचे दोन भाग ऑनलाइनसुद्धा दिसतात, त्यामुळे भाचा अभ्यासाला पळाला की त्याचं पात्र खांबासारखं उभं दिसायचं आणि मला कळायचं की आज्ञा झाली. गेममधल्या दोघी नायिका डुकरं होऊन बागडतात तो भाग आम्ही मुद्दाम पुन्हा खेळलो. त्याचा शेवट सांगत नाही, पण भाचा बराच वेळ गप्प होता.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं निमित्त वेगळंच. एका मोठ्या कंपनीचा रेसिंगचा गेम, नाव घेत नाही. एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला, त्यामुळे पॉजच्या पडद्यामागे नेट गेलं की शर्यत रद्द. तेही सोसलं. मग एका अपडेटनंतर गॅरेज रिकामं. क्लाउडवर जुनं सेव्ह आणि यंत्रावर नवं, त्याने न विचारता जुनं वर चढवलं. सपोर्टला लिहिलं, उत्तर आलं: गेम काढून पुन्हा टाका. टाकला. परत लिहिलं, वेगळ्या नावाने तेच उत्तर. फोटो पाठवले, गाड्यांची यादी पाठवली. ‘आपली अडचण आम्ही समजू शकतो’ आणि तिकीट बंद, शेरा ‘समस्या सुटली’. कुणाची सुटली? पैसे परत मागितले तर म्हणे तुम्ही फार तास खेळलात. अहो, फार तास खेळल्याशिवाय हरवायला काही जमा तरी कसं होणार?

स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परतीचा नियम आहे, आणि तो चांगलाच आहे. पण दोन तासांत ग्राफिक्स कळतात, गेम अडखळतो का ते कळतं. सेव्हचं दुखणं सहसा त्यानंतरच उघडं पडतं. म्हणून आता पैसे भरायच्या आधी मी ट्रेलर बघत नाही. वाईट रिव्ह्यू उघडायचे आणि त्यात ‘सेव्ह’ शोधायचं. चारपाच जण तेच रडत असतील तर गेम सेलच्या यादीत टाकायचा आणि पॅच येईपर्यंत थांबायचं. ब्लू प्रिन्स माझ्याकडे अजून आहे, रेस्ट मोडमध्ये. प्लगवर चिठ्ठी लावली आहे, काढू नये म्हणून.