थीमनुसार वार्षिक नियोजनाचा संच : खानदेशातील एका शाळेत वर्षभर वापरल्यानंतर

पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी थीमवर आधारित वार्षिक नियोजनाचे तयार संच आता बाजारात सहज मिळतात. एक थीम घ्यायची आणि भाषा, गणित, परिसर अभ्यास, कला हे सगळे विषय तिच्याभोवती गुंफायचे, अशी त्यांची कल्पना असते. त्यांपैकी एका खासगी प्रकाशकाचा संच आमच्या तापीकाठच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत जून ते एप्रिल असा पूर्ण वर्षभर वापरला. काही उणिवांविषयी स्पष्ट लिहायचे असल्याने प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही. मात्र अशा बहुतेक संचांची घडण एकसारखीच असते, त्यामुळे दुसरा एखादा संच घेऊ पाहणाऱ्या शिक्षकालाही हे परीक्षण उपयोगी पडावे.

संचात भिंतीवर लावण्याचा वर्षाचा मोठा तक्ता, शिक्षकासाठी नियोजन-वही, प्रत्येक थीमची चार पानी पत्रिका, कृतिपत्रिका आणि मूल्यमापनाच्या नोंदींचे नमुने आहेत. दर महिन्याला एक याप्रमाणे पाऊस, झाडे, सण, बाजार, कपडे, प्रकाश, अन्न, वाहतूक, पाणी आणि शेवटी उजळणीसह 'आमचे गाव' अशी मांडणी आहे. किंमत हजाराच्या आत असल्याने शाळेच्या अनुदानातून घेण्यास अडचण येत नाही.

या संचाची सर्वांत चांगली बाजू ही की प्रत्येक थीम एका प्रश्नापासून सुरू होते. 'झाडे' असे नुसते नाव घेतले की कवितेत झाड, गणितात झाडे मोजणे, चित्रकलेत झाड काढणे एवढेच घडते आणि विषय एकमेकांशेजारी नुसते बसून राहतात. प्रश्न समोर असला की त्याचे उत्तर शोधताना मुलाला मोजावे लागते, विचारावे लागते, लिहावे लागते. 'कपडे' या थीमचा प्रश्न होता : अंगातला सदरा कुठून आला? हा प्रश्न कोठेही विचारता येईल, परंतु खानदेशात तो ऑक्टोबरमध्ये विचारला गेला याचे महत्त्व मोठे आहे. कारण त्या वेळी शाळेच्या कुंपणापलीकडच्या शेतात पहिली वेचणी सुरू झालेली असते आणि अनेक मुलांच्या घरातली एक खोली कापसाने भरत चाललेली असते.

पत्रिकेत दिलेल्या कृती साध्या होत्या : बोंड उघडून पाहणे, सरकी वेगळी करणे, हाताने पीळ देऊन धागा काढणे. आम्ही त्यांत स्थानिक भर घातली. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून तिसरी-चौथीच्या मुलांनी घरी विचारून दिवसभराच्या वेचणीचे वजन आणि किलोमागचा दर लिहून आणला, आणि गुणाकाराची उदाहरणे त्यातूनच तयार झाली. पुढे जिनिंगची गोष्ट आली. शंभर किलो कापसातून साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे चौतीस किलोच्या आसपास रुई (सरकी काढलेला कापूस) निघते आणि उरलेल्यात बहुतेक सरकीच असते. रुईची गाठ १७० किलोची असते. तेव्हा एका गाठीसाठी किती क्विंटल कापूस लागेल, हे चौथीच्या मुलांनी ३४ ची पाचपट करून स्वतःच शोधले. उत्तर पाच क्विंटल आले तेव्हा एका मुलाने आपल्या घरात किती गाठी पडून आहेत याचा हिशेब कोणी न सांगताच मांडायला घेतला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या कापसाची मागणी एकदम वाढली, एवढा इतिहासही नकाशासमोर उभे राहून सांगता आला. पत्रिकेत हा भाग नाही. असायला हवा होता.

येथे थोडे विषयांतर करतो. संचाच्या प्रस्तावनेत एकात्मिक अध्ययनाची कल्पना जणू परदेशातून नुकतीच आली आहे असा सूर आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत एखाद्या हस्तोद्योगाशी सर्व विषयांचा समवाय, म्हणजे सांगड, साधणे हेच मुख्य सूत्र होते, आणि त्या उद्योगांत सूतकताई अग्रभागी होती. आपल्याकडच्या जुन्या शिक्षकांनी तकलीवर सूत काढत अंकगणित शिकवले आहे. प्रस्तावनेत याचा एका वाक्याने उल्लेख असता तर 'कपडे' या थीमला अधिक वजन आले असते.

आता दिनदर्शिकेकडे वळतो, कारण संचाची सर्वांत मोठी उणीव तेथे आहे. महिन्यांची वाटणी करताना मांडणी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खानदेश नव्हता. 'पाऊस' ही थीम १५ जूनला शाळा उघडताच सुरू होते आणि पहिल्याच आठवड्यात बाटलीचे पर्जन्यमापक करून रोजची नोंद घ्यायला सांगितले आहे. आपल्याकडे त्या दिवसांत बहुधा कोरडे ढग आणि उकाडाच असतो, आणि नोंदवहीत शून्यांची रांग लागते. शून्याची नोंद हीही नोंदच असते, हे मुलांना समजावता येते, पण त्यावर एक पूर्ण थीम उभी राहत नाही. शिवाय धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातला पाऊस वेगळा आणि शिंदखेड्याकडचा वेगळा. जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशातल्या तीनही जिल्ह्यांना एकच तक्ता कसा पुरेल? आम्ही 'पाऊस' जुलैमध्ये ढकलला आणि जूनमध्ये वर्षाच्या शेवटची 'आमचे गाव' ही थीम आधी घेतली. नव्या मुलांची ओळख, गावाचा फेरफटका, नकाशा यासाठी जून योग्यच ठरला.

त्याहून गंभीर प्रश्न हजेरीचा आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे गुजरातकडे आणि राज्यातल्या साखरपट्ट्यात जातात, तर गावात राहणाऱ्यांची थोरली मुले वेचणीच्या दिवसांत धाकट्यांना सांभाळायला घरी थांबतात. संचातील प्रत्येक थीम चार सलग आठवड्यांची असून पहिल्या आठवड्याच्या कामावर चौथ्या आठवड्याचे सादरीकरण अवलंबून आहे. दोन आठवडे गैरहजर राहिलेले मूल परत आले की त्याला कोठेच जागा सापडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या थीम आम्ही दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत मोडल्या. ही सोय मुळातच दिलेली असती तर ग्रामीण शाळांचे बरेच श्रम वाचले असते.

'अन्न' या थीममध्ये गहू आणि तांदूळ आहेत, केळी नाही. रावेर-यावलच्या शाळेत हे विचित्र वाटते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि आमच्या निम्म्या मुलांच्या घरी तिचाच व्यवहार चालतो. केळीची मृगबाग ही लागवड जून-जुलैत होते, कांदेबाग ऑक्टोबरच्या आसपास, आणि पीक हाती यायला जवळजवळ वर्ष लागते, म्हणजे शाळेचे वर्ष आणि केळीचे वर्ष जवळपास बरोबरीने चालते. त्यामुळे केळी ही एका महिन्याची थीम न करता वर्षभर चालणारा धागा करावी, असे आम्ही ठरवले. शाळेजवळच्या बागेतील एक झाड निवडून त्याची उंची, पानांची संख्या, निसवण (घड बाहेर पडणे), मग घडातील फण्या आणि फणीतील केळी यांची नोंद मुले ठेवत गेली. दीड मीटर बाय दीड मीटरवर लागवड केली तर मैदानाच्या आखलेल्या चौकोनात किती रोपे बसतील, हे चौथीच्या मुलांनी चुन्याच्या खुणा करून मोजले. संच बनवणाऱ्यांनी दर महिन्याला नवीन थीम देण्याचा हट्ट सोडून असा एखादा लांब धागा सुचवायला हवा होता, कारण वाढ, बदल आणि वाट पाहणे या गोष्टी एका महिन्यात शिकवता येत नाहीत.

सणांच्या बाबतीतही तेच. ऑगस्टच्या पत्रिकेत राखी आहे, दहीहंडी आहे. श्रावणातल्या कानबाई या खानदेशी सणाचा उल्लेख नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये येते, तेव्हा वर्ष संपत आलेले असते, म्हणून ती तक्त्यात बसत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण झोक्यावरची गाणी आणि गौराई हा भाषेचा एवढा मोठा साठा रिकामा सोडून देणे परवडणारे नाही. घरी अहिराणी, लेवा बोली, पावरी किंवा भिल्ली बोलणाऱ्या पहिलीच्या मुलासाठी थीमची भाषा घरच्या शब्दांपासून सुरू झाली पाहिजे. संचातील शब्दपट्ट्या सरसकट प्रमाण भाषेत आहेत आणि कोऱ्या पट्ट्या अगदी मोजक्या आहेत.

'पाणी' ही थीम शहरातल्या नळापासून सुरू होऊन नळापाशीच संपते. धुळे जिल्ह्यातील शिक्षकांनी येथे पांझरा नदीवरची फड ही जुनी सामूहिक सिंचन पद्धत घ्यावी, असे सुचवतो. बंधारा, पाट, एका फडात एकच पीक आणि पाण्याच्या वाटपावर गावाने नेमलेला पाटकरी, यात भूगोल आहे, अपूर्णांक आहेत आणि नागरिकशास्त्रही आहे. 'आमचे गाव' घेताना यावल तालुक्यातील शाळांनी फैजपूर विसरू नये, कारण १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन तेथे भरले होते. नंदुरबारकडे ९ सप्टेंबर १९४२ रोजी 'चले जाव' आंदोलनात हुतात्मा झालेला विद्यार्थी शिरीषकुमार आहेच. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हानिहाय काढली होती. त्यांचा आधार घेतला असता तरी संचातले हे परकेपण बरेच कमी झाले असते.

गणिताविषयी मात्र माझे मत थीमच्या विरुद्ध जाते. संचात गणिताचे घटक थीमच्या मागे फरफटत येतात. 'बाजार' सप्टेंबरमध्ये आहे म्हणून दुसरीच्या मुलांना सुट्या पैशांचा हिशेब त्याच महिन्यात करायचा, मग हातच्याची वजाबाकी पक्की झालेली असो वा नसो. संख्याज्ञानाचा क्रम पायरीपायरीचा आहे आणि तो थीमच्या सोयीने बदलता येत नाही. पहिलीतल्या अक्षरओळखीलाही हेच लागू पडते. संच रोज दोन तास थीमसाठी मागतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत, म्हणजे त्यातला निम्मा वेळ थीमला गेला. उरलेल्या वेळात रोजचा एक तास वाचन आणि गणिताच्या क्रमबद्ध सरावासाठी राखून ठेवावा आणि थीममध्ये फक्त आधी शिकलेल्या गणिताचा उपयोग करावा, असे आम्ही केले. 'बाजार' जानेवारीत नेल्यावर आठवडे बाजारातली खरी खरेदी मुलांना जमली.

द्विशिक्षकी शाळेसाठी मात्र हा संच खरोखर कामाचा आहे. एका शिक्षकाकडे दोन वर्ग असताना दोन वेगवेगळे पाठ चालवणे ही रोजची ओढाताण असते. येथे थीम एकच असून कृतिपत्रिका चार स्तरांच्या आहेत, त्यामुळे तिसरी आणि चौथीची मुले एकत्र बसून एकाच प्रश्नावर आपापल्या कुवतीने काम करतात. दुसरी उपयुक्त गोष्ट नियोजन-वहीत आहे : डाव्या पानावर थीमचे जाळे आणि उजव्या पानावर तेच काम विषयवार, अध्ययन निष्पत्तींसह मांडलेले. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, विषयवार टाचण (पाठाच्या तयारीची नोंद) मागितले तर उजवे पान पुढे करता येते आणि वेगळे लिहीत बसावे लागत नाही. आकारिक मूल्यमापनाच्या नमुन्यांत निरीक्षण, उपक्रम आणि प्रकल्प यांना भरपूर जागा आहे, तोंडीकामाला फारच थोडी.

छपाई ठीक. तक्त्यावरचे प्लास्टिक मार्चच्या उन्हात वळले आणि कडा सुटल्या. संचासोबत वर्षभर मार्गदर्शन देण्याचे आश्वासन होते. सुरुवातीच्या महिन्यांनंतर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे आली नाहीत आणि त्याविषयी आता आमची काही अपेक्षाही उरलेली नाही.

तिसरी-चौथी एकत्र चालवणाऱ्या शाळेने हा संच अवश्य घ्यावा. स्वतंत्र वर्गखोल्या आणि प्रत्येक वर्गाला शिक्षक असलेल्या शाळेला त्याची तेवढी गरज नाही. एका केंद्रातील शाळांनी मिळून एकच संच घेऊन मे महिन्यात किंवा पहिल्या शिक्षण परिषदेत महिन्यांची वाटणी आपल्या पिकांप्रमाणे आणि स्थलांतराप्रमाणे बदलून घेतली, तर खर्चही वाचेल आणि कामही सोपे होईल. पहिलीसाठी घेणाऱ्यांनी आवृत्ती पाहूनच पैसे द्यावेत. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला असून आमच्याकडच्या प्रतीतील निष्पत्तींचा तक्ता जुन्या पुस्तकांवर बेतलेला आहे.