घुंगरू न बांधता घालवलेले आठ रविवार

कथक शिकायला लागून मला ११ वर्षे झाली. या काळात मी तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा (ठोक्यांचा) ताल, ऐकत नव्हते, तर फक्त मोजत होते, हे पुण्यातल्या एका तबलावादकांच्या घरी भरणाऱ्या तालश्रवणाच्या वर्गात गेल्यावर लक्षात आले. वर्ग नर्तकांसाठीच आहे. ८ रविवार, दर वेळी दीड तास आणि शुल्क ३५०० रुपये. घुंगरू आणू नयेत, अशी सूचना आधीच मिळते. नृत्याच्या वर्गाला घुंगरांशिवाय जायचे म्हणजे पोहायला टॉवेल घेऊन काठावर बसण्यासारखे आहे, असे मला तेव्हा वाटले होते.

पहिल्या दिवशी सरांनी विलंबित (संथ) लयीत तीनतालाचा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, धरला आणि डोळे मिटून, 'खाली' ही तालातली टाळी न देण्याची जागा आली की हात वर करायला सांगितले. आम्ही १४ जणी होतो आणि हात १४ ठिकाणी वर गेले. कारण सोपे आहे, पण इतक्या वर्षांत ते मला कोणी सांगितले नव्हते. तीनतालात ही खाली नवव्या मात्रेला, टाळीऐवजी हात मोकळा सोडून दाखवतात. मात्र रूढ ठेक्यात नवव्या मात्रेवरही 'धा' असतो आणि बायाचा (डाव्या हाताने वाजणाऱ्या, खर्जाच्या तबल्याचा) घुमारा थांबतो तो दहाव्या मात्रेच्या 'तिं'पासून. तेराव्या मात्रेच्या 'ता'पर्यंत बाया गप्प राहतो आणि चौदाव्याच्या 'धिं'ला पुन्हा बोलू लागतो. हे परतणे एकदा कानात बसले की सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, तीन मात्रांवर आली आहे हे आकडे न मोजता कळते. तिसऱ्या रविवारी सर मध्येच कुठूनही ठेका सुरू करत आणि सम शोधायला लावत. तेव्हा ही एकच खूण उपयोगी पडली.

घरच्या रियाजाबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट तर शुल्काइतकीच मोलाची होती. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून बायाचा खर्जातला आवाज नीट उमटत नाही, त्यामुळे 'धिं' आणि 'तिं' जवळजवळ सारखेच ऐकू येतात. आपल्यापैकी बहुतेक जणी फोन खिडकीत ठेवून तत्कार (पायांनी ताल धरण्याचा सराव) करतात, म्हणजे खाली ओळखायची खूणच काढून टाकलेला ताल रोज ऐकतात. मी त्याच संध्याकाळी माळ्यावरचा जुना स्पीकर खाली काढला.

पुढचे दोन रविवार लहऱ्यासाठी होते. लहरा म्हणजे एका आवर्तनाची (तालाच्या एका फेऱ्याची), पुन्हा पुन्हा वाजणारी धून; नाचताना ती मागे कुठेतरी चालू असते, एवढाच माझा तिच्याशी संबंध होता. सरांनी तबला थांबवला, हार्मोनियमवर फक्त लहरा चालू ठेवला आणि आमच्याकडून तिहाईची, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या बोलांची, पढंत करून घेतली (ते तोंडाने म्हणवून घेतले). पाच मात्रांचा पल्ला (तीनदा येणारा तुकडा), मध्ये एकेक मात्रेचा दम (विराम), समेपासून सुरुवात. एकूण १७ मात्रा, म्हणून पल्ल्याच्या अखेरचा बोल 'थेई' तिसऱ्यांदा पुढच्या समेवर येतो. हे गणित वहीत मला पाठ होते. नवे होते ते हे, की पहिला 'थेई' पाचव्या मात्रेवर, ठेक्यातल्या भरदार 'धा'च्या जागी पडतो, दुसरा अकराव्या मात्रेवर, म्हणजे बाया गप्प असलेल्या मोकळ्या जागेत. दुसरा 'थेई' त्या मोकळ्या जागेत ऐकू आला नाही, तर आपण पुढे पळालो आहोत हे तिथेच कळते आणि तिसऱ्या पल्ल्यात सावरायला वेळ मिळतो. पूर्वी मला चूक समेवर कळायची, म्हणजे सगळ्या प्रेक्षकांबरोबर.

रूपकाला एकच रविवार दिला, तो अपुरा होता. सात मात्रांच्या या तालात समच खाली असते. समेवर जोरात पाय आपटायची सवय असलेल्या आम्हाला त्याने चांगलेच गोंधळात टाकले आणि गोंधळ पुरता निस्तरण्याआधीच वेळ संपली.

आता तक्रारी. एका रविवारी हार्मोनियमवादक आले नाहीत, तेव्हा लहरा ॲपवर लावला. ॲपचा लहरा सुरेल होता आणि लयीत पक्का होता, पण समेकडे येताना माणूस ज्या किंचित ओढीने वाजवतो ती त्यात नव्हती, आणि तीच ऐकायला शिकण्यासाठी तर आम्ही आलो होतो. आमच्यात भरतनाट्यमची एक विद्यार्थिनी होती. तिच्या कर्नाटक पद्धतीच्या आदितालाचा उल्लेखही झाला नाही, त्यामुळे हा वर्ग फक्त कथकसाठी आहे असे प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवे होते. सर्वांत मोठी उणीव अशी की घुंगरू बांधून, तबल्याबरोबर आपला तत्कार ऐकण्याची संधी शेवटच्या रविवारीच आणि प्रत्येकीला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. कानाने शिकलेले पायात उतरते का, हे तपासायला निदान तीन रविवार लागतात.

तरीही, दोन-तीन वर्षे शिकून झालेल्या आणि ठेका तोंडपाठ असलेल्या विद्यार्थिनींनी हा वर्ग जरूर करावा. अगदी नवशिक्यांनी थोडे थांबावे. खोली लहान आहे आणि सगळ्या समोर दाटीवाटीने बसतात. लवकर पोहोचून सरांच्या डाव्या हाताची जागा धरावी. बाया तिथे असतो.