बर्लिनमध्ये एकच रात्र: ट्रेझॉर की बेर्गहाइन?

टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतासाठी बर्लिनला जाताय आणि हातात एकच रात्र आहे? मग दोन क्लबांपैकी मी ट्रेझॉर म्हणेन. १९९१ साली वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात तो सुरू झाला. २००७ पासून एका बंद वीजकेंद्रात आहे. तळघरात धूर इतका की शेजारचा दिसत नाही, डीजे गजांआड, आणि डेट्रॉइटचा टेक्नो डीजे जेफ मिल्स याच्याशी जुनं नातं.

साउंड सिस्टिम मात्र दुसऱ्या क्लबची, बेर्गहाइनचीच सरस. बेन क्लॉक, मार्सेल डेटमान हे डीजे इथलेच. वर पॅनोरमा बारमध्ये हाउस हे नृत्यसंगीत. शनिवारी रात्री सुरू झालेली पार्टी सोमवारी सकाळपर्यंत चालते. पण रांगेत थांबूनही दारावरूनच परत पाठवलं, तर कारण विचारायची सोय नाही! आत सोडलंच, तर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. वेळ भरपूर असेल तरच त्या रांगेत उभं राहा.